नर्स गावात टिकते ती कशावर

गेल्या पावसाळ्यात आमची आत्या गेली. ८४ वर्षांची होती. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात तिनं ३७ वर्षं नर्स म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर पुढची २६ वर्षं त्याच गावात काढली. दहाव्याला नदीकाठी पाऊस असूनही चारपाचशे माणूस जमला होता. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात, तशी झाली. सरपंच बोलले, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक बोलले, दूध सोसायटीचे चेअरमन बोलले. सेवा, त्याग, समर्पण हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी होते आणि शेवटी जवळपास प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, "आता अशी माणसं होणे नाही."

बोलणारे मनापासून बोलत होते, पण त्या वाक्यानं मी तिथेच अस्वस्थ झालो. माणसांची जातच बदलली, आजच्या मुलींमध्ये ती माया राहिली नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो खोटा आहे. आत्यासारख्या मुली आजही आहेत. मी त्यांना पाहिलंय, रुग्णालयात त्यांच्या हातून माझ्या घरच्यांनी औषध घेतलंय. आत्याला ज्या गोष्टींनी एका खोऱ्यात ३७ वर्षं रोवून ठेवलं, त्या गोष्टी आपण एकेक करून काढून घेतल्या आहेत. कायमची नेमणूक, गावात राहायला खोली, महिन्याच्या महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. त्याग हा शब्द आपण या चार गोष्टींच्या जागी ठेवून दिलाय.

आत्या नोकरीला लागली १९६२ साली. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. वय २१, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, यजमान प्राथमिक शिक्षक. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सासरी पहिला वाद झाला तो साडीवरून. नर्सची साडी पांढरी. नवरा हयात असताना घरची सून कपाळाला कुंकू आणि अंगावर पांढरं लुगडं घालून वेशीतून जाणार, हे सासूबाईंच्या गळी उतरेना. दुसरा वाद झाला तो रात्रीवरून. हातात कंदील घेतलेल्या परक्या पुरुषाबरोबर ही बाई कुठल्या वाडीवर जाते, हा प्रश्न घरात कोणी उघड विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या डोळ्यांत असायचा असं ती सांगायची.

हा संशय जुनाच होता. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. पुढे त्या संस्थेनं मुलींना, त्यातही विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवायचं ठरवलं, तेव्हा पुणं खवळलं होतं. परक्या माणसाचं शरीर हाताळायचं, जातपात न बघता मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे घरंदाज बाईचं काम नव्हे असंच तेव्हाचं मत. म्हणून आपल्याकडे सुरुवातीच्या परिचारिकांत मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या ख्रिस्ती मुली आणि घरानं टाकलेल्या बायका मोठ्या संख्येनं दिसतात. ज्या कामाला आपण आज देवदूताचं काम म्हणतो, ते काल हलकं काम होतं. कामाचा मान वाढला, पण मोबदला ठरवताना मनात अजूनही तो हलकेपणाच असतो, असं मला वाटतं.

आत्याची पेटी मला आठवते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. पेटीत स्टीलचा चपटा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या सिरिंजा आणि सुया. सकाळी ती स्टोव्हवर तो डबा पाणी घालून ठेवायची आणि पाणी खळखळलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. २० मिनिटं म्हणजे २० मिनिटं. मी एकदा चहाची घाई केली म्हणून आधीच स्टोव्ह बंद केला, तर तिनं काही न बोलता तो पुन्हा पेटवला आणि वेळ पहिल्यापासून मोजली. पेटीत पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं नळकांडं होतं, नाळ बांधायचा दोरा होता, नवं ब्लेड होतं. या ब्लेडवर तिचा फार जीव. विळ्यानं नाळ कापायची आणि वर राख लावायची, हीच त्या काळातली रीत. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि आठवड्याभराचं बाळ ताणून ताणून जायचं. पाचवी पुजेपर्यंत नाव ठेवायचं नाही, सटवाईनं नेलं तर नेलं, अशी आयांची मनाची तयारीच असायची. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मान्य केलं. त्यामागे मोठ्या योजना होत्या, लस होती, हे खरंच. पण गरोदर बाईला दोन इंजेक्शनं घ्यायला तयार करणं आणि गावच्या सुईणीच्या हातातून विळा काढून ब्लेड देणं, हे घराघरांत जाऊन कुणीतरी केलं. ते आत्यासारख्या एएनएमनी, म्हणजे उपकेंद्रावरच्या सहायक परिचारिका-प्रसविकांनी केलं.

सुईणीशी तिनं भांडण केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिली चार वर्षं तिला बाळंतपणाला कोणी बोलावतच नव्हतं. ही पोरसवदा नर्सबाई, हिला काय कळतंय? मग एका रात्री एका वाडीवर वार अडकली. बाळ बाहेर आलं, वार पडेना, रक्त थांबेना. सुईणीनंच माणूस पाठवला. आत्या गेली, तिला जमलं, बाई वाचली. सकाळी सुईण तिला म्हणाली, "सिस्टर, हितनं पुढं आपुन दोघी जाऊ." पुढची २० वर्षं त्या दोघी मिळून जात राहिल्या. हा विश्वास चार वर्षं काहीही न घडता बसून राहण्यातून आला. त्या चार वर्षांचा हिशेब आजच्या एखाद्या अहवालात मांडला तर रकाना कोराच दिसेल आणि तिची नेमणुकीची ऑर्डर पुढे वाढणारच नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, घरं बसली. आत्याचं क्वार्टरही पडलं. स्वतःच्या दोन पोरांना अंगणात जावेच्या मांडीवर देऊन ती पेटी शोधायला परत त्या ढिगाऱ्यात शिरली. ही गोष्ट घरात अभिमानानं सांगितली जाते आणि भाषणांतही ती आली. मला त्यातली ती मांडी दिसते.

ती जाऊ, आमची काकी, आज ७९ वर्षांची आहे. आत्या वाड्यावाड्यांवर फिरायची तेव्हा आत्याच्या तिन्ही पोरांचं जेवणखाण, शाळा, आजारपण हिनं काढलं. सासूबाईंना शेवटची तीन वर्षं अंथरुणावरून उठता येत नव्हतं, त्यांचं सगळं हिनंच केलं. गावाला एक नर्स मिळावी म्हणून घरात एक दुसरी नर्स बिनपगारी राबत होती. परिचारिकेच्या समर्पणाविषयी आपण बोलतो तेव्हा तिच्या पाठीमागे उभी असलेली ही बाई कुणाच्याच भाषणात नसते. पाळणाघर नाही, रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी नाही, तान्ह्या बाळासाठी सोय नाही, असं असताना नर्स कामावर येते ती कुणाच्या तरी आईच्या, सासूच्या, जावेच्या जिवावर. जिला अशी जाऊ नसते ती नोकरी सोडते. आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना झेपत नाही.

आणीबाणीतली गोष्ट आत्या क्वचितच सांगायची. १९७५ ते ७७ ही वर्षं नसबंदीच्या टार्गेटची. वरून केसेसचा आकडा यायचा, तो खाली शिक्षकांवर आणि नर्सेसवर वाटला जायचा. ती गल्लीत दिसली की बायका दारं लावून घ्यायला लागल्या. ज्या घरात ती न विचारता चुलीपर्यंत जायची, त्या घरातून "घरी कोणी न्हाई" असं आतूनच उत्तर यायला लागलं. "दोन वर्षांत गेलेलं परत मिळवायला मला पाच लागली," ती म्हणायची. त्या पाच वर्षांत तिची बदली झाली असती, किंवा तिचं कंत्राट संपलं असतं, तर नव्या नर्सला त्या बंद दारांमागचं कारणसुद्धा कळलं नसतं.

एक माणूस एका जागी टिकण्याची किंमत सरकारी कागदात कुठेच मोजली जात नाही, आणि सगळा आरोग्याचा डोलारा उभा आहे तो तिच्यावर. लहान बाळाला सुई टोचू द्यायची की नाही, हे आई लसीकडे बघून ठरवत नाही, ती सुई धरलेल्या हाताकडे बघून ठरवते. अंगावरून पांढरं जातंय, नवरा मारतो, सून तीन महिने झाले कोणाशी बोलत नाही, या गोष्टी बाई पहिल्या भेटीत बोलत नाही, चौथ्या वर्षी बोलते. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा आत्याच्या हद्दीत एकही घर राहिलं नाही. तोवर त्या घरांतल्या आयांचा जन्मसुद्धा तिच्या हातून झाला होता.

वाचकांपैकी काहींना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग आठवत असतील. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर तिथे अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत एका खोलीत होत्या आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ च्या निकालात, त्यांच्या वतीनं निर्णय घ्यायचा अधिकार कुणाचा, तर हे रुग्णालय आणि इथले कर्मचारी यांचा, असं म्हटलं. इच्छामरणाच्या अंगानं त्या निकालाची पुष्कळ चर्चा झाली. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. ४२ वर्षं हे एका नर्सच्या अख्ख्या नोकरीपेक्षा मोठं आयुष्य आहे. १९७३ साली ज्यांनी अरुणाताईंना पहिल्यांदा कुशीवर वळवलं, त्यातल्या कुणीही शेवटी नोकरीत असणं शक्य नव्हतं. त्यांनी पुढच्यांना दाखवलं, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना. नव्या मुलीला हात धरून "यांना असं वळवायचं, यांना पातळ भरवायचं" हे शिकवणारी सीनियर सिस्टर वॉर्डात हजर होती. कायम नोकरीत असलेल्या माणसांची साखळी होती म्हणून ते घडलं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेल्या मुलींकडून आपण अशी साखळी कशी मागणार?

आता आजचं चित्र. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, पैसा आला, आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंतपणं वाढली. हे सगळं चांगलं झालं आणि ते नाकारायचं कारण नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. हे आपल्या राज्याचं खरोखर मोठं यश आहे. पण याच अभियानातली परिचारिकांची भरती कंत्राटी झाली. ऑर्डर अकरा महिन्यांची, मध्ये एका दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर. असं करत करत १०-१५ वर्षं गेलेल्या मुली मला माहीत आहेत. बाळंतपणाची रजा मागताना पुढची ऑर्डर निघेल का, या धास्तीत त्या असतात. दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या मुलीला स्वतःच्या बाळंतपणाची भीती वाटावी, याची आपल्याला लाज वाटायला हवी. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर हे कर्मचारी संपावर गेले, तेव्हा कुठे १० वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याची भाषा सरकारदरबारी सुरू झाली. त्याआधी २०२२ च्या मे महिन्यात सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांना बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून कामबंद करावं लागलं होतं. जी माणसं वॉर्ड सोडून चहालाही जात नाहीत, त्यांना रस्त्यावर यावं लागतं, याचा अर्थ त्यांचं दुसरीकडे कुठेच ऐकून घेतलं गेलं नाही.

पेन्शनचं तसंच. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन मिळणार नाही असं ठरलं. त्यावर मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, पुढे काही बदलही मान्य झाले. कंत्राटी नर्स मात्र या सगळ्या चर्चेच्या बाहेरच. तिच्या म्हातारपणाचा विचार कुठल्याच कागदावर नाही.

पेन्शन म्हणजे बसून खायचा पैसा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या आत्याचा ओटा बघायला हवा होता. १९९९ ला ती रिटायर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बायका येऊन बसायला लागल्या. तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. "मी आता सरकारी नाही, सुई टोचणार नाही." तो तिनं शेवटपर्यंत पाळला. ती बीपी बघायची, गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून कुठली सकाळची, कुठली रात्रीची ते खडूनं खुणा करून द्यायची. पहिलटकरणीच्या पायाला सूज दिसली की तिच्या सासूला बोलावून आजच्या आज कराडला न्यायला लावायची. गाडीभाडं नसेल तर स्वतःच्या पेन्शनीतून द्यायची. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात, वय ७९, ती दारातून ओरडून मुंबईहून आलेल्या पोरांना शाळेतल्या विलगीकरणात कसं राहायचं ते सांगत होती. २६ वर्षं गावाला एक अनुभवी परिचारिका मिळाली आणि त्यासाठी सरकारला तिच्या पेन्शनीपलीकडे एक रुपया पडला नाही. त्याच पेन्शनीत तिच्या नातीचं कॉलेज झालं, काकीचा मोतीबिंदू निघाला. घराला आणि गावाला जे तिनं दिलं, ते देण्याइतकी ती उभी होती कारण तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

कायम नोकरीवाल्यांविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. कायम झालं की माणूस सुस्तावतो, उपकेंद्राला कुलूप असतं, सिस्टर तालुक्याच्या गावी राहतात आणि बुधवारी लसीकरणापुरत्या उगवतात. अशा बायका आत्यालाही माहीत होत्या आणि ती त्यांच्याविषयी कडक बोलायची. पण त्या का राहत नव्हत्या, हेही ती सांगायची. क्वार्टरचं छप्पर गळतं, पाणी अर्ध्या मैलावर, दाराला कडी धड नाही, आणि एकट्या बाईनं तिथे रात्र काढायची. क्वार्टर दुरुस्त करायला लागतात काही हजार रुपये, ते वर्षानुवर्षं मिळत नाहीत. आणि गैरहजर राहणाऱ्या कायम माणसाला जाब विचारायला आरोग्य सहायिका असते, वैद्यकीय अधिकारी असतो, तालुका आरोग्य अधिकारी असतो. त्यांनी आपलं काम केलं नाही म्हणून नर्सची नोकरीच तात्पुरती करायची, हा उपाय चुकीच्या जागी केलेला आहे. कंत्राटानं माणूस धास्तावतो आणि धास्तावलेला माणूस वरच्या साहेबाला सांभाळतो. रजिस्टर भरलेलं, ॲपवर नोंद झालेली, फोटो टाकलेला, एवढं त्याला पुरतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरी तो कशाला चढण चढून जाईल, त्याची नोंद कुठल्या रकान्यात होते?

दुसरा आक्षेप असा की आता १०८ ची गाडी आहे, रस्ते आहेत, बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग गावात राहणारी नर्स हवी कशाला? उलट आता ती जास्त हवी. डोंगरातल्या गावांत तरुण माणूस राहिलेला नाही. राहिलेत ते साठीच्या पुढचे, साखर आणि रक्तदाब असलेले, गुडघे गेलेले, ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत. अचानक येणाऱ्या दुखण्याला गाडी चालते. रोजच्या दुखण्याला रोज दिसणारं माणूस लागतं. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा जुना नियम आहे. त्या उपकेंद्रांना २०१८ पासून आरोग्यवर्धिनी म्हणायला लागले, पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आलं, पिवळा रंग लागला, आणि समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. तेही कंत्राटी. दोनदा पाटी बदलली, आतल्या माणसाची नेमणूक मात्र तात्पुरतीच राहिली.

शहरात याहून वाईट आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या आईचं ऑपरेशन एका मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयात झालं. रात्री वॉर्डात २२ पेशंट आणि एकच सिस्टर. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. आईचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं, मी धावत गेलो, सिस्टर दुसऱ्या टोकाला एका आजोबांना सावरत होती. मी तिच्यावर ओरडलो. तिनं येऊन नळी साफ केली, आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मला म्हणाली, "सॉरी सर, मी एकटीच आहे." पहाटे ती पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर द्यायला बसली होती तेव्हा मी माफी मागायला गेलो. बोलता बोलता कळलं, नांदेडकडची मुलगी, चार जणींत एक खोली, पगार १३,०००. मूळ सर्टिफिकेटं रुग्णालयाकडे ठेवून घेतलेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं एक समिती नेमली होती. अगदी ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयातही परिचारिकेचा पगार २०,००० च्या खाली नसावा, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतका द्यावा, अशी तिची शिफारस आहे. शिफारस होऊन इतकी वर्षं झाली आणि ही मुलगी माझ्यासमोर १३,००० सांगत होती. मी ओरडलो त्या मुलीवर, ओरडायला हवं होतं तो माणूस तिथे नव्हता. तो कधीच तिथे नसतो. म्हणूनच वॉर्डात काही वाईट झालं की हाती लागते ती नर्सच. नगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला आग लागून कोविडचे रुग्ण दगावले, तेव्हा सुरुवातीला अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. ज्या वायरिंगवर आणि आगीच्या यंत्रणेवर त्यांचा काडीचा अधिकार नव्हता, त्याचं उत्तर आधी त्यांना द्यावं लागलं.

आणि तरीही मुली येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना एका लहान खोलीत नेऊन वाचवलं, आणि पुढे न्यायालयात उभं राहून कसाबला ओळखलं. तो प्रसंग आपल्याला माहीत आहे कारण तो एका रात्रीत घडला. ३७ वर्षांत थोडा थोडा घडणारा प्रसंग बातमीत येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आमच्या तालुक्यातल्या मुली कराडात जर्मनचे क्लास लावताहेत. परक्या भाषेत, परक्या थंडीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला ज्या तयार आहेत, त्यांना स्वतःच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांची माया नाही, असं कोण म्हणेल? तिथे त्यांना नोकरीची हमी मिळते, एवढंच.

श्रद्धांजलीच्या भाषणांत आत्याच्या नावानं गावात कमान उभारायची सूचना झाली. चांगली भावना आहे. माझी विनंती वेगळी होती आणि ती मी सरपंचांना त्या दिवशीच सांगितली. कमानीचे पैसे उपकेंद्राच्या मागच्या क्वार्टरला लावा. छप्पर, पाण्याची टाकी, दाराला चांगलं कुलूप, रात्रीचा दिवा. आणि ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेकडे मागा की आमच्या उपकेंद्राला कायम एएनएम द्या. नेमणूक ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे मलाही कळतं. पण रस्त्यासाठी, बंधाऱ्यासाठी आमचं गाव मंत्र्याच्या दारात जाऊन बसतं. नर्ससाठी कधी बसलं नाही. आमदारांना निवडणुकीत हा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणून त्यांनी त्याचं उत्तर शोधलं नाही. सरपंच म्हणाले, बघू. मी दर महिन्याला फोन करतोय.

तेराव्याला, सगळे पांगल्यावर, उपकेंद्रातली आत्ताची सिस्टर आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. यवतमाळकडची. दीड वर्षापासून ती कराडहून येऊन-जाऊन करते, दोन एसट्या बदलून. आत्या तिला अडल्या-नडल्याला सांगायची, कुठल्या घरात कोण ऐकणार नाही, कुठल्या सुनेकडे लक्ष ठेव. ती ओट्यावर बसली, आत्याची ती पेटी बघायला मागितली. काकीनं आतून आणून दिली. तिनं स्टीलचा डबा उघडला, काचेची एक सिरिंज उजेडात धरून तिच्यावरचे झिजलेले आकडे वाचले आणि पुन्हा फडक्यात होती तशी गुंडाळून ठेवली.

मग तिनं काकीला विचारलं, पुढची खोली आता रिकामी आहे तर भाड्यानं द्याल का? रात्री-अपरात्री कोणी आलं तर मी इथेच असेन. काकीनं भाड्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही. "उद्याच ये गं, तुझी भाकरी माझ्यात." मुलीचा चेहरा फुलला. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "काकू, लगेच नको. माझी ऑर्डर या महिनाअखेर संपते. नवी आली की सांगते."